निकॉन, सोनी की कॅनन: ऐरोलीच्या बोटीपासून गडकरी रंगायतनपर्यंत तीन कॅमेऱ्यांची तुलना

ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाचीने फ्लेमिंगोंच्या हंगामासाठी चांगला कॅमेरा घ्यायचे ठरवले आणि स्वभावाप्रमाणे आधी संगणकावर तक्ता मांडला. वर निकॉन झेड ५०-टू, सोनी अल्फा ६७०० आणि कॅनन ईओएस आर ७ अशी तीन नावे आणि खाली अडतीस ओळी. "मामा, यातल्या महत्त्वाच्या ओळी कोणत्या, तेवढं सांग," एवढीच तिची मागणी होती. तक्ता चोख होता. मात्र बोटीत लाइफ जॅकेट चढवून बसल्यावर यातला कोणता कॅमेरा डोळ्याशी नीट येतो आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने जाताना कोणता खांद्याला जाच करत नाही, याची ओळ त्यात नव्हती.

आर ७ माझा स्वतःचा आहे, अल्फा ६७०० माझ्या एका मित्राकडे आहे आणि झेड ५०-टू आमच्याच सोसायटीतल्या एका तरुणाने नुकताच घेतला होता. त्यामुळे तिन्ही कॅमेरे आम्हा मामा-भाचीला आलटून-पालटून वापरायला मिळाले. ठिकाणे मुद्दाम तीनच ठेवली: ठाणे खाडी, नाट्यगृह आणि दिवेलागणीची तलावपाळी, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाचा काठ. भाचीला कॅमेरा लागणार तो याच कामांसाठी. हंगामात दोन-तीनदा फ्लेमिंगो, वर्षातून तीन-चारदा मुलीचे भरतनाट्यम आणि एरवी घरचे, रस्त्यावरचे, सणावाराचे फोटो. ज्यांची कामे वेगळी त्यांचा निष्कर्षही वेगळा निघेल, म्हणून प्रत्येक मताचे कारण सोबत देत आहे.

चित्राच्या दर्जाचा मुद्दा आधीच हातावेगळा करतो. तिन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, एपीएस-सी या मध्यम आकाराचा आहे, निकॉनचा २०.९ मेगापिक्सेलचा, सोनीचा २६ चा आणि कॅननचा ३२.५ चा. आर ७ मे २०२२ मध्ये जाहीर झाला, अल्फा ६७०० जुलै २०२३ मध्ये आणि झेड ५०-टू नोव्हेंबर २०२४ मध्ये. आम्ही एकाच दृश्याचे तीन फोटो बारा बाय अठरा इंचांत छापून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले, तेव्हा कोणता फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा हे मला एकदाही खात्रीने सांगता आले नाही. बारा बाय अठराच्या पुढे क्वचितच कोणी जाते, त्यामुळे निव्वळ चित्राच्या दर्जावर या तिघांत निवड करणे म्हणजे उगाच फाटे फोडण्यासारखे आहे. अपवाद फक्त पक्ष्यांचा, कारण तिथे फोटो कापून मोठा करावा लागतो.

खाडीत

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ओहोटीला हे पक्षी चिखलपट्ट्यावर चरत असतात आणि भरतीचे पाणी चढू लागले की नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर येऊन विसावतात. ऐरोलीहून वनविभागाची बोट सुटते ती भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून, कारण बोटीला पुरेसे पाणी हवे आणि पक्ष्यांना पुरेसा चिखल. या दोहोंच्या मधल्या तासा-दीड तासात जे मिळेल ते मिळेल.

बोट पक्ष्यांपासून अंतर राखून थांबते. ते अंतर ४० मीटर धरले आणि धाकटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, ८०-९० सेंटीमीटर उंचीचा धरला, तर प्रत्येक कॅमेऱ्याच्या परवडण्याजोग्या दूरच्या लेन्समधून पक्षी चौकटीत केवढा दिसेल याचे गणित कागदावर करता येते. निकॉनच्या ५०-२५० मिलिमीटर लेन्समधून तो चौकटीच्या उंचीचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापतो, सोनीच्या ७०-३५० मधून जवळजवळ निम्मा आणि कॅननच्या १००-४०० मधून निम्म्याहून बराच अधिक. पिक्सेलमध्ये सांगायचे तर पक्ष्याच्या चोचीपासून पायापर्यंत निकॉनवर सुमारे १,२६०, सोनीवर सुमारे १,९६० आणि कॅननवर सुमारे २,६६० पिक्सेल पडतात. मेगापिक्सेल आणि लेन्सची लांबी या दोन गोष्टी इथे एकमेकींना गुणतात, म्हणून टेबलावर न दिसलेला फरक खाडीत लख्ख दिसतो. निकॉनच्या फोटोतला एकटा पक्षी कापून काढला तर पाच बाय सातच्या प्रिंटलाही जेमतेम पुरतो. कॅननचा तसाच कापलेला पक्षी आठ बाय बाराला सहज चालतो.

पण तक्त्यात न मावणारी गोष्ट अशी, की फ्लेमिंगोंचा खरा देखणेपणा एकट्या पक्ष्यात नसतो. हजारोंचा थवा, मागे खारफुटीची गडद पट्टी, त्यामागे ऐरोली-विक्रोळीकडच्या इमारतींची धूसर रांग आणि पाण्यावर पडलेला सगळ्यांचा गुलाबी झाक मारणारा पट्टा. या चित्राला ४०० मिलिमीटर लागतच नाहीत. भाचीचा त्या सकाळचा सर्वांत चांगला फोटो १२० मिलिमीटरच्या आसपास काढलेला होता, आणि तो निकॉनचा होता.

पक्षी ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरण्याची सोय तिन्हींत आहे. सोनी आणि निकॉनमध्ये पक्षी हा वेगळा पर्याय निवडता येतो, तर कॅननमध्ये तो प्राण्यांच्या पर्यायातच येतो. आकाशात एकटा उडणारा बगळा किंवा शेकाट्या असेल तर तिघेही काम चोख करतात. थव्यात मात्र ही हुशारी अंगाशी येते. चौकटीत दोनशे पक्षी असले की कॅमेऱ्याला प्रत्येकाचा डोळा दिसतो आणि फोकस या पक्ष्यावरून त्या पक्ष्यावर टणाटण उड्या मारतो. अशा वेळी ओळख बंद करून, फोकसची छोटी चौकट आपणच हव्या त्या पक्ष्यावर नेऊन ठेवावी लागते आणि इथे कॅमेऱ्याची हाताळणी खऱ्या अर्थाने कसाला लागते. आर ७ च्या पाठीवर अंगठ्याला सापडेल अशी छोटी जॉयस्टिक आहे. डोळा व्ह्यूफाइंडरला तसाच ठेवून चौकट सरकवता येते. झेड ५०-टू आणि अल्फा ६७०० या दोघांनाही जॉयस्टिक नाही. तिथे चार दिशांच्या बटणांनी किंवा पडद्यावर अंगठा घासून चौकट हलवावी लागते. कोरड्या हाताने अंगठा घासणे जमते. खारट तुषार उडालेल्या, सनस्क्रीन लावलेल्या बोटांनी ते जमत नाही. ज्यांना खाडी आणि पाणथळ जागा हेच मुख्य काम आहे त्यांनी या एका गोष्टीसाठी आर ७ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आर ७ ला यांत्रिक शटरवर सेकंदाला १५ आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर ३० फोटोंचा वेग आहे. इतर दोघे यांत्रिक शटरवर ११ पर्यंत जातात. जाहिरातीत ३० चा आकडा ठळक असतो, परंतु आर ७ चा सेन्सर वरून खाली वाचला जाण्यास वेळ घेतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरवर वेगाने हलणारे पंख वाकडे, रबरी दिसतात. उडत्या पक्ष्यांसाठी मी यांत्रिक १५ वरच राहतो. बटण दाबण्याआधीचे क्षण टिपून ठेवण्याची सोय आर ७ मध्ये रॉ, म्हणजे सेन्सरच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात आहे, झेड ५०-टू मध्ये फक्त जेपेग या नेहमीच्या तयार फोटोच्या स्वरूपात आहे आणि अल्फा ६७०० मध्ये नाही. खंड्याच्या झेपेसाठी ही सोय अनमोल आहे. फ्लेमिंगो मात्र उडण्याआधी पाण्यावरून पाच-सात पावले धावतो. एवढी आगाऊ सूचना देणारा पक्षी असताना या सोयीसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

लाइफ जॅकेटचे सांगायचे राहिले. त्याचा फोम हनुवटीपर्यंत येतो, कोपरे अंगालगत घेता येत नाहीत आणि गळ्यातला पट्टा जॅकेटच्या बकलांत अडकतो. अशा अवघडलेल्या अवस्थेत व्ह्यूफाइंडर मध्यभागी असलेला कॅमेरा बरा पडतो, कारण डोळा आणि लेन्स एका रेषेत असतात आणि कॅमेरा उचलला की पक्षी आपोआप चौकटीत येतो. सोनीचा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे. उजवा डोळा लावणाऱ्यांना त्याचा एक फायदा असा की नाक पडद्यावर घासत नाही. परंतु लांब लेन्स लावून आकाशात पक्षी शोधताना लेन्स कुठे रोखली आहे याचा अंदाज सुरुवातीला चुकतो. माझ्या मित्राला सवयीने काहीच वाटत नाही. भाचीला मात्र पहिले वीस मिनिटे नुसते आभाळच सापडत होते. व्ह्यूफाइंडरचा ठिपक्यांचा आकडा तिघांचाही २३.६ लाख आहे, म्हणून तक्त्यात ते सारखे दिसतात. प्रत्यक्षात कॅननमधले चित्र सर्वांत मोठे दिसते, निकॉनमधले सर्वांत लहान, पण निकॉनचा प्रकाश जास्त आहे आणि दुपारच्या उन्हात पाण्याची तिरीप डोळ्यांवर येत असताना तो उजेड उपयोगी पडतो.

सोनीच्या बाजूने एक मुद्दा द्यायलाच हवा. फोटो काढतानाही, कुठला भाग जळून पांढरा होणार ते दाखवणारे झेब्रा पट्टे त्यात चालू ठेवता येतात. फिकट गुलाबी पिसांचा तपशील उन्हात पटकन उडतो. हे पट्टे डोळ्यासमोर असले की एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, किती कमी करायचा ते लगेच कळते.

वजन

कार्ड आणि बॅटरीसह झेड ५०-टू सुमारे ५५० ग्रॅम, अल्फा ६७०० ४९३ ग्रॅम आणि आर ७ ६१२ ग्रॅम भरतो. सोनी सर्वांत हलका, एवढेच पाहून भाचीने त्या ओळीला हिरवा रंग दिला होता. लेन्स लावल्यावर मात्र क्रम फिरतो. निकॉनची ५०-२५० ही लेन्स ४०५ ग्रॅमची, सोनीची ७०-३५० ही ६२५ ग्रॅमची आणि कॅननची १००-४०० ही ६३५ ग्रॅमची आहे. म्हणजे हातात येणारे वजन निकॉनचे ९५५, सोनीचे १,११८ आणि कॅननचे १,२४७ ग्रॅम. तीनशे ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण ऐरोलीहून ठाण्याला उभ्याने येताना, पिशवी छातीशी धरलेली असताना, तो बरोबर जाणवतो. त्याहून महत्त्वाचे असे की पिशवी जड झाली की माणूस कॅमेरा घरी ठेवू लागतो. माझा आर ७ वर्षातले आठ महिने कपाटात असतो, हे मी भाचीला सांगून टाकले.

अधिक लांबीची हौस तिन्ही कंपन्यांकडे भागते, पण निकॉनची १८०-६००, सोनीची २००-६०० आणि कॅननची २००-८०० या सगळ्या लेन्सा दोन किलोच्या आसपास आहेत. त्या घ्यायच्या तर कॅमेऱ्याच्या अंगाचे शे-पन्नास ग्रॅम बिनमहत्त्वाचे ठरतात आणि मोठ्या पकडीचा कॅमेराच बरा पडतो.

नाट्यगृहात

गडकरी रंगायतनमध्ये किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात मुलांचे कार्यक्रम टिपताना खाडीतले सगळे हिशेब उलटे होतात. इथे प्रकाश कमी, तोही रंगीबेरंगी, नाचणारी मुलगी एका जागी उभी राहत नाही आणि मागे बसलेल्या प्रेक्षकांना आपल्या कॅमेऱ्याचे कौतुक नसते. भरतनाट्यमच्या अडवूंत, म्हणजे हात-पायांच्या मूळ हालचालींत, हात धूसर होऊ नयेत म्हणून शटर निदान एक अडीचशेवर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर, ठेवावे लागते. एफ ६.३ च्या लेन्सवर त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १२,८०० लागत असेल, तर एफ १.४ च्या लेन्सवर (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) तेच काम ६४० मध्ये होते, कारण वीसपट उजेड आत येतो. कोणत्याही दोन कॅमेऱ्यांच्या सेन्सरमध्ये वीसपटीचा फरक नसतो. त्यामुळे नाट्यगृहासाठी कॅमेऱ्याची निवड ही मुळात लेन्सची निवड आहे, आणि तक्त्यातल्या अडतीस ओळींपैकी लेन्सची ओळ एकच होती.

सोनीसाठी इतर कंपन्यांच्या लेन्सांची बाजारपेठ सर्वांत मोठी आहे. सिग्माची १८-५० एफ २.८ ही जेमतेम २९० ग्रॅमची लेन्स घर, रस्ता आणि पुढच्या रांगेतून नाच या तिन्हींना पुरते. कॅननने आपल्या आरएफ माउंटचे, म्हणजे लेन्स बसवण्याच्या जोडाचे, दार एपीएस-सी लेन्सांपुरते सिग्मा आणि टॅमरॉनला २०२४ मध्ये उघडले, तोपर्यंत आर ७ वाल्यांची अवस्था अवघड होती. आता ती सुधारली आहे. निकॉनला सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिलिमीटरच्या एफ १.४ लेन्सा २०२३ पासून मिळतात. यातली ५६ मिलिमीटरची लेन्स पाचव्या-सहाव्या रांगेतून, म्हणजे आठेक मीटरवरून, आडव्या चौकटीत नर्तिकेला डोक्यापासून पायापर्यंत मावेल एवढी बरोबर आहे. या लेन्सने काढलेले फोटो पाहिल्यावर भाचीने दूरच्या लेन्सचा विषय आठवडाभर काढला नाही.

कॅमेऱ्याच्या अंगातल्या स्थिरीकरणाबद्दल लोकांची अपेक्षा अवास्तव असते. अल्फा ६७०० आणि आर ७ मध्ये ते आहे, झेड ५०-टू मध्ये नाही, आणि या एका 'नाही'मुळे पुष्कळ जण निकॉन बाद करतात. स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप थोपवते. नाचणाऱ्या मुलीला ते थांबवू शकत नाही, आणि उडणाऱ्या फ्लेमिंगोलाही नाही. एक अडीचशे किंवा एक दोन हजारच्या शटरवर त्याचा उपयोग एवढाच, की व्ह्यूफाइंडरमधले चित्र डुगडुगत नाही. आणि तेवढे काम निकॉनच्या ५०-२५० लेन्समधले स्थिरीकरणही करते. खरा उपयोग स्थिर विषयांना आणि हातात धरून केलेल्या व्हिडिओला होतो. तलावपाळीवर दिवे लागल्यावर मासुंद्याच्या पाण्यातली प्रतिबिंबे सोनीवर मी एक अष्टमांश सेकंदाला हातात धरून टिपली आणि ती सुरेख आली. निकॉनवर स्थिरीकरण नसलेली ५६ लावून तोच प्रयत्न केला तर चारात एक फोटो बरा येत होता. ज्यांना असे फोटो आवडतात आणि ट्रायपॉड नेण्याचा कंटाळा आहे त्यांनी निकॉनचा विचार सोडावा.

आवाजाचा प्रश्न नाजूक आहे. आर ७ च्या यांत्रिक शटरचा खटका वर्णम या भरतनाट्यमातल्या मोठ्या रचनेच्या शांत भागात तीन रांगा मागे ऐकू जातो. म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावावे, तर रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांमुळे फोटोवर आडवे काळे-पांढरे पट्टे उमटतात, आणि हा त्रास तिन्ही कॅमेऱ्यांत कमी-अधिक आहे. मी तालमीच्या दिवशी जाऊन त्याच दिव्यांत पाच-सहा शटर वेग तपासून घेतो. पट्टे न येणारा एखादा वेग सापडतोच.

मध्यंतरात एक गोष्ट लक्षात आली, ती इथे नोंदवतो. निकॉनमध्ये कार्डाची जागा खाली, बॅटरीच्या झाकणाखाली आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर कार्ड बदलण्यासाठी आधी तळाची प्लेट सोडवावी लागते, आणि प्लेटचा स्क्रू फिरवायला नाणे शोधावे लागते. पडदा उघडायला दोन मिनिटे असताना अंधारात हा उद्योग आम्ही केला आहे. सोनीचे कार्ड डाव्या बाजूच्या झाकणामागे आहे. कॅननचे उजवीकडे, पकडीच्या बाजूला आहे आणि तिथे दोन कार्डे बसतात. एकावर आणि दुसऱ्यावर तोच फोटो एकाच वेळी साठवता येतो. पैसे घेऊन लग्न-मुंजीचे फोटो काढणाऱ्याला दुसऱ्या कार्डाशिवाय झोप लागू नये. भाचीला ती चिंता नाही.

हात

पकडीबद्दल लिहिताना मी माझा हात आणि भाचीचा हात असे दोन निकष धरले, कारण आम्हा दोघांची मते जुळली नाहीत. सोनीची उंची ६९ मिलिमीटर आहे. माझी करंगळी तळाखाली लोंबते आणि अर्ध्या तासाने मनगट भरून येते. भाचीची करंगळी नीट बसते. झेड ५०-टू ची पकड खोल आहे आणि ती आम्हा दोघांनाही मानवली. आर ७ माझ्या हातात मुरलेला आहे. भाचीचे तर्जनीचे टोक पुढच्या चाकापर्यंत पोहोचताना तळहात पकडीवरून सुटत होता, आणि ज्या कॅमेऱ्याचे बटण दाबण्यासाठी पकड सैल करावी लागते तो आपला नव्हे, असे मी तिला तिथेच सांगितले.

चाकांची रचना तिघांची तीन तऱ्हांची आहे. सोनीला तीन चाके आहेत. शटर, लेन्सचे छिद्र (एफचा आकडा) आणि आयएसओ यांना एकेक वाटून देता येते, आणि ज्यांना सर्व काही हाताने ठरवायचे असते त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. निकॉनला पुढे-मागे दोन नेहमीची चाके आहेत. कॅननने मागचे चाक जॉयस्टिकभोवती, व्ह्यूफाइंडरच्या शेजारी नेऊन ठेवले आहे. जुन्या कॅननवरून येणाऱ्यांचा अंगठा महिनाभर चुकीच्या ठिकाणी चाचपडतो, नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. शिवाय १००-४०० लेन्सवरच्या कडीला आयएसओचे काम देता येते, म्हणजे तिसऱ्या चाकाची उणीव डावा हात भरून काढतो. कॅननच्या चालू-बंदच्या खटक्यात मात्र 'चालू'च्या पुढे व्हिडिओची जागा आहे. घाईत बोट पुढे सरकले की कॅमेरा व्हिडिओत जातो, ही सवयीने टाळण्याची गोष्ट आहे.

डावा डोळा लावणाऱ्यांनी दुकानात एक गोष्ट जरूर तपासावी. पडद्यावर अंगठा घासून फोकस हलवण्याची सोय चालू असेल तर डाव्या डोळ्याच्या माणसाचे नाक ते काम परस्पर करते. भाची डावा डोळा लावते. सोनीवर तिचा फोकस पुन्हा पुन्हा कोपऱ्यात का जातो याचा उलगडा व्हायला आम्हाला अर्धी सकाळ लागली.

बॅटरी, पाऊस आणि पैसे

प्रमाणित मोजणीप्रमाणे झेड ५०-टू एका बॅटरीवर व्ह्यूफाइंडरमधून सुमारे २३० फोटो काढतो आणि सोनी साडेपाचशेच्या घरात. एकापाठोपाठ एक धडाधड फोटो काढले की प्रत्यक्षातला आकडा बराच वाढतो, तरीही बोटीची एक फेरी आणि परतताना थोडेसे व्हिडिओ एवढ्यात निकॉनची बॅटरी लाल होते. कॅननची बॅटरी जाडजूड आहे आणि माझा दिवस निभावते. तिन्ही यूएसबी-सीने चार्ज होतात.

ठाण्याचा पावसाळा कॅमेऱ्याला अंगावर घेऊ देऊ नये. सोनीची ७०-३५० धूळ आणि ओलाव्याला तोंड देईल अशी बांधलेली आहे, कॅननची १००-४०० तशी नाही. पण खरे नुकसान पावसाच्या सरीने नव्हे, कपाटातल्या दमट हवेने होते. जून ते सप्टेंबर बंद पिशवीत ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि चाळीस-पन्नास टक्क्यांवर काटा ठेवणारा छोटा आर्द्रतामापक यांचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा.

व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर तिघांत सोनी पुढे आहे; स्थिरीकरण, सेकंदाला १२० चौकटींचा फोर-के आणि लेन्सांची निवड या तीन गोष्टी त्यासाठी पुरेशा आहेत.

किमतीत निकॉन उघडपणे खाली आहे. सोनी आणि कॅनन त्याच्या बऱ्याच वर आहेत. वाचलेल्या पैशांत ५६ मिलिमीटरची लेन्स येते, आणि भाचीच्या बाबतीत हाच हिशेब निर्णायक ठरला. दुकानाबद्दल एवढेच, की फोर्टमधल्या एका दुकानातून मी पूर्वी स्वस्त म्हणून बिलाविना लेन्स घेतली होती आणि सात महिन्यांनी फोकसची मोटर बसली तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्राने वॉरंटी नाकारली, ते त्यांचे बरोबरच होते. भारतातल्या अधिकृत वॉरंटीचे कार्ड आणि जीएसटीचे बिल हातात पडेपर्यंत पैसे देऊ नयेत. दुकानात जाताना स्वतःचे कार्ड न्यावे, काउंटरवर उभे राहून रस्त्यावरच्या रिक्षांवर फोकस धरून पाहावा आणि लेन्स लावलेला कॅमेरा दहा मिनिटे एका हातात धरून गप्पा माराव्यात. विक्रेता वैतागला तरी चालेल.

माझ्यासारख्या, खाडीपलीकडे फारसे काही न टिपणाऱ्याला मी आजही आर ७ च सुचवीन. माझ्या मित्रासारखा व्हिडिओ करणारा, तलावपाळीच्या रात्री आवडणारा आणि लहान हाताचा माणूस असेल तर अल्फा ६७०० च्या पलीकडे बघण्याची गरज नाही. भाचीने झेड ५०-टू घेतला, सोबत ५०-२५० आणि ५६ अशा दोन लेन्सा घेतल्या. एकट्या पक्ष्याचे मोठे चित्र आपल्याला मिळणार नाही हे तिने मान्य केले आहे. एखाद्या हंगामात वाटलेच तर मोठी लेन्स दोन दिवस भाड्याने घेणार आहे. ट्रायपॉडच्या प्लेटचा स्क्रू हाताने फिरणारा घेतला. जास्तीची एक बॅटरी घेतली आहे. मे महिना उजाडेपर्यंत आणखी एक घ्यावी लागेल, असा माझा अंदाज आहे.